तुरटीचा मोठा, एकसंध स्फटिक कसा वाढवावा

घरच्या घरी मोठा स्फटिक वाढवायचा असेल, तर तुरटीसारखा दुसरा पदार्थ नाही. मात्र ती दाढीनंतर लावतात ती पोटॅश तुरटी असावी, कारण पाणी निवळण्यासाठी तुरटी म्हणून विकले जाणारे ॲल्युमिनियम सल्फेट या कामाला उपयोगी पडत नाही.

एक लिटर डिस्टिल्ड वॉटर साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात 200 ग्रॅम तुरटीची पूड विरघळवावी, द्रावण गरम असतानाच गाळावे आणि झाकून रात्रभर ठेवावे. खोलीच्या तापमानाला एवढी तुरटी पाण्यात मावत नसल्याने जास्तीची तळाशी बसते आणि वर नेमके संपृक्त द्रावण उरते. ते पुन्हा गाळून थोडेसे बशीत ओतले, की एक-दोन दिवसांत त्यात खडे धरतात. त्यांतला चार-पाच मिलिमीटरचा, आरपार स्वच्छ आणि आठही बाजू रेखीव असलेला एकच खडा बीज म्हणून निवडावा. बीजातला दोष पुढे स्फटिकाबरोबर राहतो, म्हणून या निवडीत घाई करू नये.

बीज बारीक तंगुसाच्या सरकगाठीत अडकवून उरलेल्या द्रावणाच्या मध्यावर लोंबते सोडावे आणि उजेडासमोर धरून लक्षपूर्वक पाहावे. बीजापासून खाली पाझरणाऱ्या पारदर्शक रेषा दिसल्या, तर ते विरघळत आहे. ते लगेच बाहेर काढून द्रावणात थोडी तुरटी वाढवावी. वाढत्या स्फटिकालगतचे द्रावण हलके होत असल्याने तशाच रेषा वर चढतात. हे दृश्य पाहण्यासारखे असते, आणि माझ्या मते कोणत्याही मोजमापापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे.

यापुढे खरी कसोटी तापमान स्थिर राखण्याची आहे. दुपारच्या उन्हाने द्रावण तापले की स्फटिकाच्या कडा झिजतात आणि पहाटेच्या गारव्यात त्याच्या अंगावर नको असलेले कण चिकटतात. म्हणून बरणी थर्माकोलच्या खोक्यात, घरातल्या आतल्या खोलीत ठेवावी. तोंडावर गाळणकागद बांधावा, म्हणजे पाणी सावकाश उडते आणि धूळ पडत नाही. पावसाळ्यात ही वाढ फारच मंदावते. तळाशी खडे जमू लागले, तर ते स्फटिकाच्या वाट्याची तुरटी खातात. अशा वेळी स्फटिक काढून हलक्या हाताने टिपावा, द्रावण तापवून सगळे खडे विरघळवावेत, गाळून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि वरची खूण पुन्हा तपासूनच स्फटिक आत सोडावा.

तयार स्फटिक पाण्याने न धुता टिपकागदाने कोरडा करावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा, कारण कोरड्या हवेत त्यातले पाणी निघून पृष्ठभाग पांढुरका पडतो.