किनाऱ्यावरचा कचरा वेचण्याआधी शंख-शिंपले ओळखा

कोकणातल्या किनाऱ्यावर कचरा वेचायला निघण्यापूर्वी तिथी पाहावी. जुन्या ठोकताळ्यानुसार तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब हटते, म्हणून त्या दिवसांतली पहाटेची ओहोटी साधावी आणि पाणी वळताच मागे फिरावे.

सोबत जाड हातमोजे, चिमटा, सुरी आणि सिमेंटची रिकामी पोती असावीत. वाळक्या शेवाळाची आणि काटक्यांची जी रेघ भरती मागे ठेवून जाते, तिच्यातच बाटल्यांची झाकणे, थर्माकोल आणि चपला अडकलेल्या असतात. वाळूत अर्धवट गाडलेले जाळे ओढू नये. भोवतालची वाळू उकरून, अडकलेले खेकडे सोडवून मगच ते कापावे. वेळास, आंजर्ले येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा भरतीरेषेच्या वरची वाळू मुळीच उकरू नये.

सर्वांत जास्त चूक होते ती एका वस्तूबाबत. ओल्या वाळूवर मातकट रंगाची, फुटक्या कुंडीच्या काठासारखी वळलेली पातळ पट्टी दिसते आणि नवखा माणूस ती रबर समजून पोत्यात टाकतो. प्रत्यक्षात ती चंद्रशंखाच्या मादीने वाळू आणि चिकट स्राव कालवून घडवलेली अंड्यांची माळ असते. बोटाने हलकेच दाबल्यावर वाळूचे कण जाणवले, तर ती जिथे होती तिथेच राहू द्यावी. हाच गोगलगायीचा भाईबंद वाळूखाली तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शिकार करतो: शिंपला पायाने कवटाळून, आम्लाने मऊ करत आणि दातेरी जिभेने खरवडत तो भोक पाडतो. शिंपल्याच्या बिजागरीजवळ उतरत्या कडांचे गोल, नीटस भोक दिसले, की ही कथा तिथेच वाचता येते, आणि मला तरी असा शिंपला अखंड शिंपल्याहून अधिक मोलाचा वाटतो.

शंकूच्या आकाराचा शंख मात्र उघड्या हाताने उचलू नये, कारण त्यातला जिवंत प्राणी विषारी डंख मारू शकतो. इतर शंख तळहातावर घेऊन मिनिटभर स्थिर थांबावे. आत संन्यासी खेकडा असेल, तर पाय बाहेर डोकावतात. असा शंख लगेच ओल्या वाळूवर ठेवावा. रिकामा निघाला तरी फोटो काढून, आकार वहीत टिपून तो तिथेच सोडावा, कारण वाढत्या खेकड्याला पुढचे मोठे घर त्याच वाळूत शोधायचे असते.