बोगीने कोणी मेलं नाही: दबावात प्रो गोल्फर करतात त्या चुका

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बॅगा उचलतोय. कॅडी म्हणजे दोन हातांवरून खेळाडूचा दिवस बिघडताना बघणारा माणूस. शॉट का बिघडला हे सांगायला कोच आहेत, व्हिडिओ आहेत, रेंजवर फुकट सल्ला देणारे तर पायलीला पन्नास आहेत. मला बोलायचंय ते बिघडलेल्या शॉटनंतरच्या पाच मिनिटांबद्दल, कारण मी पाहिलेल्या बहुतेक टूर्नामेंट तिथेच हातातून गेल्या.

दर सीझनला नवी पोरं प्रो होतात, त्याच चुका नव्याने करतात आणि मंगळवारी संध्याकाळी येऊन विचारतात, "दादा, मेंटल गेमसाठी काय करू? गुरुवारी टी-ऑफ आहे." गुरुवारी! स्विंगला दहा वर्षं दिलीस बाबा, आणि डोक्याला दोन दिवस?

वसुली

माझ्या यादीत ही चूक पहिली, आणि दुसरी बरीच खाली. एक शॉट गेला की तो पुढच्याच शॉटला परत मिळवायचा. मी याला वसुली म्हणतो.

क्वालिफाइंग स्कूलचा, म्हणजे टूरवर जागा मिळवायच्या स्पर्धेचा, शेवटचा राउंड होता. खेळाडूचं नाव सांगत नाही, तो आजही खेळतो. पंधरा होल झाले तेव्हा आम्ही पात्रतेच्या रेषेच्या दोन शॉट आत होतो. सोळाव्यावर तीन पुट लागले, म्हणजे ग्रीनवर चेंडू कपाकडे ढकलायचे फटके. दुसरा जेमतेम चार फुटांचा, कपाच्या कडेला घासून बाहेर आला. बोगी, म्हणजे पारपेक्षा, त्या होलला ठरलेल्या शॉटपेक्षा, एक जास्त. ठीक आहे, अजून एक शॉट हातात होता.

सतराव्याच्या टीकडे, पहिला शॉट मारायच्या जागेकडे, निघालो आणि माझ्या लक्षात आलं की तो माझ्या वीस पावलं पुढे आहे. आधीचे तीन दिवस हा माणूस माझ्या शेजारून रमतगमत, क्रिकेटच्या गप्पा मारत चालला होता. आता मला त्याची पाठ दिसत होती आणि ग्लोव्हच्या वेल्क्रोची खर्र-खर्र ऐकू येत होती. तीनदा उघडला, तीनदा लावला. मी टीवर पोचलो, बॅग टेकवली, तोवर त्याचा हात ड्रायव्हरच्या, सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबच्या, कव्हरवर होता.

सतरावा पार चारचा, अरुंद, डावीकडे दाट झाडी. तीन दिवस तिथे आम्ही चार नंबरच्या आयर्नने, जरा आखूड मारणाऱ्या क्लबने, मुकाट फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, गाठला होता.

"ड्रायव्हर?" मी विचारलं.

"घेतो ना परत."

"काय?"

"शॉट."

आणि मी गप्प बसलो. त्या दिवसातला हा माझा वाटा.

चेंडू झाडीत गेला. लाय, म्हणजे चेंडू पडलेली जागा, बरी होती. बाजूला फेअरवेवर काढायचा, तिसरा ग्रीनवर, दोन पुट, बोगी. पण दोन झाडांमध्ये दाराएवढी फट होती आणि फटीतून झेंडा दिसत होता. त्या अवस्थेत झेंडा दिसणं यासारखं वाईट काही नाही. चेंडू बुंध्यावर आपटून आणखी आत गेला. तिसरा कसाबसा रफमध्ये, लांब गवतात, निघाला, चौथा वाळूच्या बंकरमध्ये, पाचवा ग्रीनवर, दोन पुट. सात. अठराव्यावर पठ्ठ्याने बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी, मारली आणि एका शॉटने बाहेर राहिला. सतराव्यावर पाच आणि अठराव्यावर साधा पार केला असता तरी तो आत होता. पुढचं अख्खं वर्ष त्याने खालच्या टूरवर काढलं. चार फुटांच्या त्या पुटने त्याचा एकच शॉट नेला होता. बाकीचे त्याने आपल्या हाताने वाटले.

या चुकीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 1999 ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. जाँ व्हॅन डी व्हेल्डे शेवटच्या होलला तीन शॉटने पुढे होता. पार चारच्या त्या होलवर सहा घेतले तरी कप त्याचाच. लोकांना आठवतो तो बूट-मोजे काढून, पँट वर दुमडून ओढ्यात उभा असलेला माणूस. टीवरच्या ड्रायव्हरवरून आणि दुसऱ्या शॉटच्या दोन नंबरच्या आयर्नवरूनही त्याला आजवर नावं ठेवतात. मला तो दुसरा शॉट एवढा खुपत नाही. चेंडू स्टँडच्या रेलिंगला लागून मागे उडाला, दाट गवतात पडला, ते नशीब. खुपतो तो तिसरा. तेव्हाही बाजूला फेअरवेवर काढून, चौथा ग्रीनवर, दोन पुट, सहा होत होते. त्याने त्या गवतातून ओढ्यापलीकडे मारायला घेतलं आणि चेंडू पाण्यात गेला. शेवटी सात, मग बरोबरी फोडायला प्लेऑफ, आणि कप पॉल लॉरीकडे. हसणाऱ्यांना एक सांगतो: सातासाठीचा तो शेवटचा पुट काही कपाजवळून नुसता ढकलायचा टॅप-इन नव्हता, आणि तशा अवस्थेत त्याने तो घातला. माणूस घाबरट नव्हता. घाबरटाने चेंडू बाजूला काढला असता आणि जिंकला असता.

आता याच्या उलट. 2017 ची ओपन, रॉयल बर्कडेल, जॉर्डन स्पीथ. आदल्याच वर्षी मास्टर्सच्या शेवटच्या राउंडला नऊ होलनंतर पाच शॉटची आघाडी असताना त्याने बाराव्यावर दोन चेंडू पाण्यात घालून सात केले होते. म्हणजे कोसळणं काय असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. बर्कडेलला तेराव्यावर त्याचा टी-शॉट उजवीकडे कुठच्या कुठे गेला. त्याने चेंडू अनप्लेएबल, म्हणजे तिथून खेळता न येणारा, धरला, एक शॉटचा दंड घेतला, मागे मागे जात थेट प्रॅक्टिस रेंजवर ड्रॉप घेतला, म्हणजे चेंडू हाताने तिथे टाकला. या सगळ्यात वीसेक मिनिटं गेली. हिशेब काय, तर बोगी, आणि आघाडी मॅट कुचारकडे. पुढच्या चार होलवर बर्डी, ईगल (पारपेक्षा दोन कमी), बर्डी, बर्डी. तीन शॉटने जिंकला. पोरं त्या ईगलचा व्हिडिओ बघतात. मी तेरावा बघतो.

मी काय करतो? शास्त्र वगैरे नाही, सवय आहे. खेळाडू पुढे पळायला लागला की मी पळत नाही. बॅग माझ्या खांद्यावर असते, मी पोचेपर्यंत त्याला काही मारता येत नाही. नियम म्हणतो की पाळी आली आणि अडथळा नसला की चाळीस सेकंदांत शॉट मारावा. पुढच्या ग्रुपच्या मागेही पडून चालत नाही. पण त्या आधीचं चालणं आपल्या पायांच्या हातात आहे. पोचलो की एकच विचारतो, "इथून बोगी कशी होते?" बर्डीचा रस्ता कधीच विचारत नाही. एकाने एकदा चिडून टॉवेल माझ्या अंगावर फेकला. टॉवेल उचलला, परत विचारलं. त्याने बोगीच केली.

कट चुकला की घर बदलणं

शुक्रवारी कट चुकतो, म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतर पुढे खेळणाऱ्यांत नाव नसतं. शनिवारी नवा पुटर, सोमवारी नवा कोच, बुधवारी नवी ग्रिप. माझ्या ओळखीतल्या एका पोराने पाच आठवड्यांत तीन पुटर बदलले आणि सहाव्या आठवड्याला पहिल्याकडे परत आला. तोवर पहिल्यावरचाही विश्वास उडाला होता.

याची भीती काय असते ते इयन बेकर-फिंचकडे बघा. 1991 मध्ये ओपन जिंकलेला माणूस. नंतर स्विंग सुधारत सुधारत अशा जागी पोचला की 1997 मध्ये ट्रूनला ओपनच्या पहिल्या राउंडला 92 झाले आणि त्याने स्पर्धाच सोडली. 92! रेंजवर तो तेव्हाही सुंदर मारायचा असं सांगतात, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. रेंजवर झेंडा नसतो, स्कोअरकार्ड नसतं आणि गेलेला चेंडू शोधायला कोणी जात नाही.

बदल करूच नका असं मी म्हणत नाही. बर्नहार्ड लँगरला यिप्स झाले होते, म्हणजे छोट्या पुटला हात आपोआप झटका देतात ते. त्याने ग्रिप बदलल्या, 1985 व 1993 अशी दोनदा मास्टर्स जिंकली, आणि पुढे लांब पुटरही वापरला. पण यिप्स हे खरं दुखणं आहे. एका शुक्रवारचा रुसवा म्हणजे यिप्स नव्हेत. याच लँगरने 1991 च्या रायडर कपमध्ये, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका लढतीत, शेवटच्या मॅचच्या शेवटच्या होलवर सहा फुटांचा पुट चुकवला आणि कप अमेरिकेला गेला. पुढच्याच आठवड्यात जर्मनीत तो टूर्नामेंट जिंकला. आठवड्याभरात नवा माणूस बनायला त्याला वेळ कुठे होता?

माझ्या खेळाडूंसाठी नियम साधा आहे: कट चुकल्यापासून दोन रात्री काही बदलायचं नाही. क्लब गाडीच्या डिकीत, व्हिडिओ बंद. तिसऱ्या दिवशी वहीत लिहायचं की छत्तीस होलमध्ये शॉट कुठे गेले. बहुतेक वेळा वही सांगते की पुटिंग ठीक होतं, पन्नास-साठ यार्डांवरून वेज, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबचा शॉट, कपाजवळ थांबत नव्हता. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने खुशाल नवा पुटर घ्यावा. दुकानदाराचं तरी भलं होईल.

प्रत्येक पुट जायलाच हवा असं मानणं

आठ फुटांवरून जगातले सर्वोत्तम प्रो ढोबळमानाने निम्मे पुट घालतात. निम्मे! वीस फुटांवरून तर सहा-सातांत एखादा जातो. आणि आमचं नवं पोर आठ फुटांचा चुकला की पुटर बॅगेत आपटतं, जणू त्याच्या हक्काचं काही हिसकावून घेतलं. टीव्हीवर आघाडीवरच्या पाच-सहा जणांचे गेलेलेच पुट दाखवतात, त्याचा हा परिणाम. चाळिसाव्या नंबरवरच्याचा चुकलेला पुट कोण दाखवणार?

हरल्यावर 'तो एक शॉट' शोधत बसणं

टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, अदिती अशोक चौथी आली. बहात्तर होलनंतर पदकापासून एक शॉट दूर. आपल्याकडे पहाटे उठून लोकांनी गोल्फ पाहिलं आणि मग सगळे शेवटच्या होलच्या पुटबद्दलच बोलत राहिले. एक शॉट पहिल्या दिवशीच्या तिसऱ्या होलवरही सापडतो, पण त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तेव्हा कोणी जागं नव्हतं. खेळाडूनेही तेच केलं की पुढे तसा पुट आला की हात जड होतात. 2012 मध्ये एका मेजरच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या, शेवटच्या होलवर आय. के. किमचा फूटभराचा पुट कपाला वळसा घालून बाहेर आला आणि ती प्लेऑफमध्ये हरली. 2017 मध्ये तिने महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली. मधे पाच वर्षं गेली. गुरुवारी टी-ऑफ असलेल्यांनी तो आकडा परत वाचावा.

उरलेल्या, पटापट

लीडरबोर्ड बघू की नको? बघा, पण बघितल्यावर क्लब बदलणार असाल तर नका बघू.

अठराव्या टीवर बक्षिसाच्या रकमेचा हिशेब: सगळे करतात. प्रवास, कॅडी, हॉटेल खिशातून आणि कट चुकला की बहुतेक ठिकाणी हात हलवत परत, तर करणारच. तो सतराव्या आणि अठराव्याच्या मधल्या वाटेवर उरकून घ्या, चेंडूवर उभं राहून नको.

राउंडनंतर तासभर फोन नको. तुमच्या स्कोअरवर कोणी काय लिहिलंय ते रात्रीपर्यंत पळून जात नाही.

खोल श्वासाचं ॲप पहिल्यांदा पहिल्या टीवर उघडणं म्हणजे विहिरीत पडल्यावर पोहायचं पुस्तक मागवणं.

स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टकडे जायला लाज वाटणं. आणि गेलात तर दोन भेटींत निकाल मागणं. हे जास्त दिसतं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, क्लब हातात घ्यावासाच वाटत नसेल, तर तो गोल्फचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टर गाठा, कॅडी नव्हे.

रागात स्कोअरकार्डवर सही करणं. 1968 च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो डी व्हिसेंझोने सतराव्यावर तीन केले, त्याचा स्कोअर लिहिणाऱ्या मार्करने चार लिहिले, आणि अठराव्याच्या बोगीने वैतागलेल्या रॉबर्टोने न तपासता सही केली. जास्तीचा आकडा कायम धरतात, म्हणून 65 चे 66 झाले आणि प्लेऑफ हुकला. कमी आकड्यावर सही झाली तर बादच. म्हणून पेन माझ्या खिशात असतं. आधी मी अठराही आकडे मोठ्याने वाचतो, तो प्रत्येकाला "हो" म्हणतो, मग त्याला पेन मिळतं.