गोलकीपर, या चुका टाळा: झेप नंतर, आधी नियम

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने सुरू झाले की मैदानावर नवे ग्लोव्हज घातलेली पोरं दिसू लागतात. सगळ्यांना पहिल्याच दिवशी झेपावायचं असतं. मोबाइलवर सेव्ह बघून आलेली असतात. बॉल हातात कधी घ्यायचा नाही, हे विचारणारं पोर क्वचितच भेटतं. आणि गोल होतात ते नेमके तिथंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॅकपास उचलणं. आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही, हा नियम 1992 पासून आहे. आपल्या संघाच्या थ्रो-इनवरून थेट आलेला बॉलही नाही. डोक्यानं, छातीनं, गुडघ्यानं दिलेला चालतो. पण तेवढ्यासाठी पायानं बॉल उचलून स्वतःच्याच डोक्यावर घेण्याची चलाखी केली तर पिवळं कार्ड.

एका सामन्यात बरोबरी होती, थोडाच वेळ उरला होता. बॅकनं घाबरून बॉल मागं दिला. समोरचा फॉरवर्ड धावत येताना बघून आमच्या गोलकीपर पोरानं छोट्या डीत, म्हणजे गोलला लागून असलेल्या छोट्या चौकोनात, तो उचलला. शिट्टी झाली आणि रेफ्रींचा हात वर गेला. इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे मारणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय गोल धरला जात नाही अशी किक. तीही छोट्या डीच्या रेषेवरून, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटरवर. सगळा संघ गोलरेषेवर उभा राहिला. एवढ्या जवळच्या किकला पोस्टच्या मध्ये तसं उभं राहता येतं. समोरच्यानं गडबडीत कुणाला पास न देता बॉल थेट वरच्या कोपऱ्यात मारला. कुणीही हात लावला नसता तर गोल धरलाच नसता, उलट आम्हाला गोल किक मिळाली असती. पोरानं झेप घेतली, बोटं लागली, बॉल जाळ्यात. गोल! झेप अप्रतिम होती, आणि तिच्यामुळंच सामना गेला. ते पोर रात्री जेवलं नाही.

तेव्हापासून माझ्याकडं एक सवय सक्तीची आहे. डीजवळ शिट्टी झाली की आधी रेफ्रींचा हात बघायचा. हात वर असेल तर "इनडायरेक्ट!" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायचं. बॉल थेट येत असेल तर हात मागं घ्यायचा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण झेपावण्याची सवय लागलेल्या अंगाला ते शिकवायला महिने जातात. शिवाय सरावाच्या सुरुवातीला मी ग्लोव्हज काढून ठेवायला लावतो आणि बॅकपास फक्त पायानंच खेळवतो. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरी चूक वेळकाढूपणाची. बॉल कवटाळून पडून राहणं जुन्या लोकांनी शिकवलंय, ते आता विसरा. पूर्वी सहा सेकंदांची मर्यादा होती आणि ती क्वचितच लावली जायची. 2025 च्या नव्या नियमात आठ सेकंद आहेत. शेवटचे पाच रेफ्री हात वर करून मोजून दाखवतात, आणि त्यापुढं गेलात तर समोरच्यांना कॉर्नर. जिंकत असताना फुकट कॉर्नर देणं मला बघवत नाही. बॉल पकडताक्षणी मोकळा खेळाडू शोधा.

पेनल्टीला किक बसेपर्यंत निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा मागं हवा. पुढं उडी मारून अडवलेली पेनल्टी पुन्हा घेतली जाते.

बॉल हातातून जमिनीवर सोडला की दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत पुन्हा उचलू नका.

मोठ्या डीच्या, म्हणजे गोलकीपरला बॉल हातात घेता येतो त्या मोठ्या चौकोनाच्या, कडेला तुमचे पाय कुठं आहेत याला अर्थ नाही, बॉल कुठं आहे ते बघतात. रेषा डीचाच भाग असते. पाय आत आणि हातातला बॉल पूर्ण बाहेर, तर डायरेक्ट फ्री किक. लांब किक मारायच्या नादात पळत कडेपर्यंत जाणारी पोरं इथंच सापडतात. मी त्यांना दोन पावलं आधीच बॉल सोडायला लावतो.