एका खुंट्याला दोन म्हशी बांधू नका: जर्मनीत ब्लू कार्डवर असलेल्या जोडप्यांसाठी

सांगलीला सुट्टीला गेलं की पहिल्या दोन दिवसात कुणीतरी फाईल बगलेत मारून घरी येतंच. ह्या वेळी आईच्या मैत्रिणीची लेक आणि जावई आले होते. जावई दीड वर्ष झालं जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या परमिटवर, लेक मागनं डिपेंडंट म्हणून गेली आणि आता तिलापण नोकरी लागलीय, आणि जावयाला नोकरी बदलायची आहे, शहरपण बदलायचंय, आणि दोघांची कार्डं चार महिन्यात संपतायत. मी म्हणलं थांबा, आधी भडंग खावा, मग सांगते. सांगता सांगता तीन तास गेले, म्हणून म्हणलं एकदा लिहूनच ठेवावं.

मी मूळची सांगलीची, गावभागातली, नवरा कराडचा. आम्ही २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलो, तो ब्लू कार्डवर आणि मी त्याची बायको म्हणून. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला कुठंही नोकरी करायची परवानगी असते, वेगळं वर्क परमिट लागत नाही, त्यामुळं मी पुढच्याच वर्षी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला लागले आणि आम्हाला वाटलं झालं, आता काय टेन्शन नाही. टेन्शन २०२४ ला आलं, आणि सगळं एकदम आलं.

त्याचं असं झालं की कार्ड खरं तर ४ वर्षाचं मिळायला पाहिजे होतं, काँट्रॅक्ट पर्मनंट होतं. पण नवऱ्याचा पासपोर्ट २०२४ च्या नोव्हेंबरात संपत होता, आणि हे लोक पासपोर्टच्या तारखेच्या पुढं कार्ड देत नाहीत. आणि माझं कार्ड त्याच्या कार्डाला बांधलेलं, म्हणजे माझा पासपोर्ट २०२८ पर्यंत असून काही उपयोग नाही, माझीपण तारीख तीच. तुम्ही आत्ता उठून दोघांची कार्डं आणि दोघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवून चारी तारखा कागदावर लिहा. त्यातली सगळ्यात जवळची जी तारीख असेल ती तुमच्या दोघांची खरी तारीख, बाकीच्या शोभेच्या.

पासपोर्ट संपत आला असेल तर तो आधी करायचा. बर्लिनची एम्बसी नाहीतर फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिकचं कॉन्सुलेट, तुमच्या राज्याला जे लागू असेल ते. आमच्या केसमध्ये कराडच्या पत्त्यावर पोलीस व्हेरिफिकेशन गेलं, सासऱ्यांना फोन आला आणि ते बिचारे घाबरून आम्हाला रात्री अडीचला फोन करून विचारतायत काय केलंस रे बाबा. घरच्यांना आधी सांगून ठेवा एवढंच.

आता नोकरी बदलायचं. जुनी माणसं सांगतात की पहिली दोन वर्ष परवानगीशिवाय बदलता येत नाही, ते जुनं झालं, २०२३ च्या नोव्हेंबरपासून नियम बदललाय. आता पहिल्या १२ महिन्यात बदलली तर ऑसलँडरबेहोर्डेला, म्हणजे आपल्या परदेशी लोकांच्या ऑफिसला, कळवायचं, ते ३० दिवसापर्यंत बदल अडवून ठेवू शकतात आणि पगार किंवा पात्रता बसत नसेल तर नाही म्हणू शकतात. १२ महिने झाले की परवानगीची भानगड नाही, तरी कळवायचं सोडू नका, नवीन काँट्रॅक्ट जोडून एक साधं ईमेल टाका आणि ते जपून ठेवा. आणि नोकरी मुदतीआधी संपली, तुम्ही सोडली किंवा त्यांनी काढलं, तर कळल्यापासून दोन आठवड्यात ऑफिसला कळवणं कायद्यानं तुमच्यावर आहे. कंपनीपण त्यांच्या बाजूनं कळवते, त्यामुळं गप्प बसलं तर कळणार नाही असं समजू नका.

ब्लू कार्डला लागणाऱ्या कमीत कमी पगाराची लिमिट दर वर्षी वाढते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २०२५ ला वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ ला ५०,७०० झाली. आयटी, इंजिनिअर, डॉक्टर अशा टंचाईच्या कामांना आणि नुकतं शिकून आलेल्यांना कमी, २०२६ ला ४५,९३४ युरो २० सेंट. रिन्यू करताना ज्या वर्षी अर्ज त्या वर्षीची लिमिट बघतात, तुम्ही आलात तेव्हाची नाही. तीन-चार वर्ष पगार वाढला नसेल तर हे आधी बघा. आणि पार्ट टाइम केलं तर लिमिट अर्धी होत नाही हो! सातारची माझी एक मैत्रीण, बाळ झाल्यावर आठवड्याला २५ तास करून घेतले, आनंदात होती, रिन्यूअलला गेली तेव्हा कळलं की पगार आता लिमिटच्या खाली. तिला दुसऱ्या प्रकारचं परमिट घ्यावं लागलं.

आता आमची गोष्ट. २०२४ च्या मे महिन्यात नवऱ्यानं नोकरी बदलली, शहर बदललं. पगार चांगला होता, मीच म्हणलं जा. माझी कंपनी घरनं काम करू देत होती म्हणून मी माझीच ठेवली, आणि नशीब ठेवली. नवीन शहरात आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, दोन आठवड्याच्या आत करायचं असतं ते केलं. ऑगस्टमध्ये दोघांचे रिन्यूअलचे ऑनलाईन अर्ज टाकले. इथं कळलं की आपली फाईल जुन्या शहरातच आहे आणि नवीन ऑफिस ती मागवतं, आणि ती कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही. आमची फाईल यायला दहा आठवडे लागले. तोपर्यंत आमच्याकडनं सगळं नव्यानं मागितलं, लग्नाचा दाखलासुद्धा.

लग्नाच्या दाखल्याची वेगळीच कथा. आमचं लग्न २०१८ चं, नोंद सांगली मिरज कुपवाड महानगरपालिकेत. ओरिजिनल दाखला आईच्या कपाटात खालच्या खणात, आणि २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला सांगायला नको, गावभागात घराघरात पाणी. दाखल्याचा लगदा झाला. व्हिसाच्या वेळी महापालिकेतनं नवीन प्रत काढली होती, पण ती एकच काढली, आणि ती शहर बदलताना कुठल्या खोक्यात गेली देवाला माहीत. तर सांगायचं काय, दाखल्याच्या तीन-चार सही-शिक्क्याच्या प्रती काढून ठेवा, खेड्यात लग्न झालं असेल तर ग्रामसेवकाकडनं, एक सांगलीत किंवा साताऱ्यात वरच्या मजल्यावर ठेवा, एक सोबत आणा, आणि इथल्या शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडनं एकदाच जर्मन भाषांतर करून त्याचा स्कॅन ठेवा.

आणि नावं! माझा पासपोर्ट माहेरच्या नावानं, मधलं नाव बाबांचं. दाखल्यावर लग्नानंतरचं नाव वेगळ्या ओळीत, त्यात मधे नवऱ्याचं नाव. काउंटरवरची बाई विचारते तुमच्या नावात तुमच्या वडिलांचं नाव का आहे आणि इथं ते बदलून नवऱ्याचं का झालं, तुम्ही एकच आहात का दोघी. आता हिला काय सांगणार. ज्यांची लग्नं अजून व्हायचीत त्यांना माझा सल्ला, पासपोर्टवर जे नाव आहे तेच सगळीकडे ठेवा, सासरी काय हाक मारायची ती मारू देत.

मुख्य भानगड सप्टेंबरात झाली. प्रोबेत्साइट, म्हणजे सुरुवातीचे जास्तीत जास्त सहा महिने, ह्या काळात दोन आठवड्याच्या नोटिशीवर काढू शकतात. नवऱ्याच्या पाचव्या महिन्यात कंपनीचा एक प्रोजेक्ट बंद पडला आणि त्याला पत्र दिलं, शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. कार्ड नोव्हेंबरात संपणार, रिन्यूअलचा अर्ज त्याच्या नोकरीवर, आणि माझा अर्ज त्याच्या अर्जावर. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यात आलं की पडलीय ती नोकरी त्याची, माझी तर धडधाकट आहे. मी कशाला त्याच्या कार्डावर बसलेय? माझी डिग्री आयटीची, शिवाजी युनिव्हर्सिटीची, अनाबिन, म्हणजे परदेशी डिग्री जर्मनीत चालते का ते दाखवणारी वेबसाईट, तिच्यावरचा युनिव्हर्सिटीचा आणि डिग्रीचा प्रिंट काढला, पगार त्या वर्षीच्या टंचाईवाल्या लिमिटच्या वर होता, तेव्हा ती ४१,०४१ युरो ८० सेंट होती. मग केस बघणाऱ्या बाईंना ईमेल केलं की मला माझ्या स्वतःच्या नोकरीवर ब्लू कार्ड पाहिजे, आणि नवऱ्याला माझा नवरा म्हणून परमिट द्या. म्हणजे अर्ज उलटा केला. बाईंचं उत्तर दोन ओळीचं आलं, चालेल, हे फॉर्म भरा. एवढंच! आम्ही चार दिवस रडत होतो त्याला दोन ओळी.

सासूबाईंना फोनवर सांगितलं की आता तुमचा मुलगा माझा डिपेंडंट आहे, तर म्हणाल्या लग्न झाल्यापासून तसंच आहे की.

तर दोघं नोकरी करत असाल आणि दुसऱ्याचा पगार आणि डिग्री बसत असेल तर रिन्यूअलच्या वेळीच दोघांनी आपापलं ब्लू कार्ड घ्या. डिपेंडंट कार्डावर काम करता येतं म्हणून लोक बसून राहतात, फॉर्म कमी, कटकट कमी. पण एका खुंट्याला दोन म्हशी बांधल्या आणि खुंटा उपटला की दोन्ही गेल्या. शिवाय ब्लू कार्डवर पीआरसाठी, म्हणजे इथं कायम राहायच्या परवानगीसाठी, लागणारे महिने तुमचे स्वतःचे मोजले जायला लागतात. आणि दोघांनी एकाच सहामाहीत नोकरी बदलू नका, एकाची प्रोबेत्साइट संपू दे मग दुसऱ्यानं उडी मारावी.

नोकरी जाताना काय करायचं ते पण सांगते. क्युंडिगुंग, म्हणजे नोकरीवरनं काढल्याचं पत्र, कागदावर सहीनिशी असावं लागतं, ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपनं काढलं तर कायद्यानं चालत नाही. कळल्यापासून तीन दिवसाच्या आत आर्बाइट्सआगेंटूरकडं, म्हणजे सरकारी रोजगार ऑफिसकडं, नोकरी शोधतोय म्हणून नोंद करा. मागच्या ३० महिन्यात १२ महिने बेकारी विम्याचे पैसे भरले असतील तर बेकारभत्ता मिळतो, नेटच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७, आणि त्या काळात हेल्थ इन्शुरन्सपण तेच भरतात. हा आपणच भरलेल्या विम्याचा पैसा आहे, घ्यायला लाजू नका, ह्यानं परमिटला डाग लागत नाही. मात्र कंपनी गोड बोलून आपसात करार करून सोडा म्हणाली तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, कारण स्वतः सोडली किंवा असा करार केला तर भत्ता १२ आठवडे अडकू शकतो.

कार्ड संपायच्या आधी अर्ज गेला असेल, मग टर्मिन, म्हणजे ऑफिसातली अपॉइंटमेंट, मिळो न मिळो, जुन्या परमिटचे हक्क चालू राहतात. त्याचा पुरावा म्हणून फिक्शन्सबेशायनिगुंग नावाचा कागद देतात, १३ युरो. त्यावर तीन चौकोन असतात, रिन्यूअलवाल्यांच्या तिसऱ्या चौकोनात, कलम ८१ पोटकलम ४ समोर, फुली आहे का ते काउंटरवरच बघा. ती असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकोनात असेल तर जर्मनीबाहेर पडू नका. आम्ही डिसेंबरात दिराच्या लग्नाला कराडला आलो, परतताना मुंबईला चेक-इनच्या पोराला हा कागद माहीतच नव्हता, पाऊण तास उभं केलं. संपलेलं जुनं कार्ड टाकून देऊ नका, त्या कागदासोबत तेच दाखवावं लागतं.

बाकी कागदं नेहमीचीच, काँट्रॅक्ट, तीन महिन्याच्या पगाराच्या स्लिपा, कंपनीनं भरायचा फॉर्म, घराचा करार, इन्शुरन्सचं पत्र. दोघांचे अर्ज वेगळे, बोटांचे ठसे वेगळे, फी वेगळी, माणशी शंभर युरोच्या आसपास धरा. फोटो २०२५ पासून डिजिटलच लागतो, त्यामुळं सांगलीच्या स्टुडिओतनं डझनभर छापून आणू नका, मी आणलेले अजून ड्रॉवरमध्ये पडलेत. कार्ड छापून यायला महिना-सव्वा महिना जातो.

एक गोष्ट मात्र अजून मनाला लागते. ब्लू कार्डवर २७ महिने काम झालं आणि जर्मन भाषा ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची असली तर पीआरचा अर्ज करता येतो, त्याच्या वरची बी-वन असेल तर २१ महिन्यातच. नवऱ्याचे २७ महिने २०२४ च्या जानेवारीत भरले होते. म्हणजे नोकरी बदलायच्या चार महिने आधी. पण साहेबांनी ए-वनची परीक्षा दिलेली नव्हती, ऑफिसात सगळे इंग्लिश बोलतात म्हणून. तेवढी दिली असती तर वरची अर्धी कथा झालीच नसती. तर त्या जावयाला मी सांगितलं की नोकरी बदल, पण आधी महिने मोज, आणि तुझ्या धाकट्या भावाला, तो पुढच्या वर्षी यायचं म्हणतोय ना, त्याला स्वारगेटची पहाटेची एसटी पकडून पुण्याला मॅक्समुलर भवनात ए-वन देऊन यायला सांग.