टेन्शन अंगातून कसं उतरवायचं

रात्री अंथरुणावर पडलं की उद्याचं काम डोक्यात घोळायला लागतं, छातीत धडधड, पोटात गोळा, आणि आपण स्वतःलाच दटावतो की अगं शांत हो. ते काही होत नाही, कारण तोवर शरीराने काम सुरू केलेलं असतं. किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींनी ॲड्रिनलिन सोडलेलं असतं, मागोमाग कॉर्टिसोल, मग ठोके वाढतात, पचन मंदावतं, स्नायू आवळतात. समोर वाघ असो नाहीतर साहेबांचा मेल, अंगाची तयारी तीच. म्हणून मी आता मनाच्या नादी न लागता आधी अंग सैल करते.

पहिलं काम, कुठे आवळलंय ते शोधा. आत्ता वाचता वाचताच बघा, वरचे-खालचे दात एकमेकांवर दाबून धरलेत का? खरं तर चावणं-गिळणं सोडलं तर दात एकमेकांना टेकायचं काही कारणच नसतं. माझ्या दाढा झिजलेल्या डेंटिस्टने आरशात दाखवल्या तेव्हा कुठे मला कळलं की मी रात्रभर दात आवळून झोपतेय. ओठ मिटलेले, दात सुटे, खांदे खाली, एवढंच करा.

मग श्वास. ठोके आपल्या हुकमात नाहीत पण श्वास आहे, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घ्या, आत घेताना ठोके जरा भरभर पडतात आणि सोडताना मंदावतात, बऱ्याच जणांना हे बोटाला कळतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. म्हणून सोडणं लांबवायचं: नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर. एक सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला ६ श्वास होतात, एरवी आपण १२ ते २० घेतो. ५ मिनिटं पुरे. लोक इथे छाती फुगवून मोठ्ठे श्वास ओढायला लागतात, मग अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि म्हणतात हे आपल्याला सूट होत नाही. श्वास छोटाच ठेवा, फक्त हळू.

तरी अंग सैल पडत नसेल तर एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने १९२० च्या दशकात मांडलेली युक्ती करा. मूठ ५ सेकंद घट्ट आवळा, सोडा, आणि १५-२० सेकंद हात कसा जड होतो तिकडे लक्ष द्या. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे, कपाळ. जिथे दुखणं आहे तो भाग सोडून द्या.

डोकं तरीही चालूच असेल तर ५ मिनिटं उद्याच्या कामांची यादी कागदावर लिहा, मोबाईलवर नको. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात अशी यादी करणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले होते.

हे सगळं आधी टेन्शन नसताना आठवडाभर करून बघा, ऐनवेळी पहिल्यांदा केलं तर मोजणंच चुकतं.

आणि छातीत दाबल्यासारखं दुखतंय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, दम लागतोय, घाम फुटलाय, तर श्वास मोजत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.