पूरग्रस्तांसाठी सायकल राईड काढताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या पहिल्या राईडचा हिशोब आधी सांगून टाकतो. ६० जण, प्रत्येकी ५०० रुपये प्रवेश फी. त्यातून टी-शर्ट २६०, मेडल ९०, नाश्ता ८०. माणशी उरले ७०. म्हणजे ६० माणसांनी ६० किलोमीटर सायकल मारून पूरग्रस्तांसाठी जमवले ४,२०० रुपये, आणि फ्लेक्सवाल्याचं बिल अजून यायचं होतं. टी-शर्टच्या पाठीवर मात्र 'एक हात मदतीचा' असं ठसठशीत छापलेलं.

सांगलीकराला पूर समजावून सांगावा लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार. त्यामुळे कुठंही नदी फुगली की आपल्याकडं मदतीचे ग्रुप लगेच हलायला लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं माढा, मोहोळ, करमाळा भागात हाहाकार केला, तेव्हाही ग्रुपवर पहिला मेसेज पडला तो राईडचाच. उत्साहाला काही तोटा नाही. घोळ होतो तो पुढं.

पैशाचं आधी, सायकलीचं नंतर

टी-शर्ट आणि मेडल प्रवेश फीतून करू नका. ज्याला हवं त्यानं वेगळे पैसे भरून घ्यावं. आम्ही दुसऱ्या वेळी हे केलं तर ६० पैकी १४ जणांनीच टी-शर्ट घेतला. बाकीच्यांच्या कपाटात आधीच सहा-सहा पडले होते. मेडल कुणालाच आठवलं नाही.

दुसरी पद्धत किलोमीटरमागे देणगीची. मी ६० किलोमीटर मारतो, तुम्ही किलोमीटरला १० रुपये द्या, असं ओळखीच्यांना सांगायचं. पद्धत चांगली आहे, पण यात एक खड्डा आहे. राईड झाल्यावर वसुलीला निघालात तर भाऊजी सुद्धा फोन उचलत नाहीत. पैसे आधी घ्या. आणि तुमची सायकल चाळिसाव्या किलोमीटरला बंद पडली तरी ते परत मिळणार नाहीत, हेही तेव्हाच हसतहसत सांगून ठेवा.

स्वतःचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकणं ही सगळ्यात घाणेरडी चूक. मी केली आहे. महिनाभरानं खातं उघडून बसलो तर दूधवाल्याचे परत आलेले ४०० कुठले आणि देणगीचे ४०० कुठले, काही कळेना. शेवटी पदरचे घातले आणि तोंड बंद ठेवलं. पैसे थेट नोंदणीकृत ट्रस्टच्या किंवा मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या खात्यात जाऊ द्या. तुमचा ट्रस्ट नसेल आणि तरी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं कलम ४१ क खाली घेतात तीच. करसवलतीची पावती मागणारे देणगीदार असतात. त्यांना आधीच सांगा की २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती तशीही नाही. नाहीतर मार्चमध्ये तुमचा फोन वाजत राहतो.

पाणी उतरायच्या आत निघू नका

पूर असताना आयर्विनवर पाणी बघायला जत्रा भरते, तशीच एक सायकलवाल्यांचीही असते. 'परिस्थितीची पाहणी' असं तिला गोंडस नाव. रस्त्यावर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर सायकल त्यात घालायची नाही, घोट्याइतकं असलं तरी. खाली गटाराचं झाकण वाहून गेलेलं असतं. मोरीचा कठडा कुठं संपला ते कळत नाही. शिवाय तुम्हाला बाहेर काढायला येणारी बोट ही दुसऱ्या कुणासाठी तरी निघालेली असते.

पाणी उतरल्यावरचा चिखलही साधा नसतो. त्यात मेलेली जनावरं, उंदरांचं मूत, गटाराची घाण सगळं मिसळलेलं असतं. गुडघा खरचटलेला असेल आणि तशा चिखलात फिरलात तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती. बंद बूट घाला, जखम झाकून घ्या आणि नंतर ताप आला, अंग मोडून आलं तर गोळी गिळून घरी न बसता डॉक्टरला सांगा की मी पुराच्या चिखलात फिरलोय. हे वाक्य सांगायला लोक विसरतात आणि डॉक्टर बिचारा व्हायरल समजून औषध देतो.

माझं मत विचाराल तर राईडची योग्य वेळ पूर ओसरल्यावर महिना-दीड महिन्यानं. पहिल्या आठ दिवसांत ट्रकच्या रांगा लागतात. नंतर कुणी फिरकत नाही.

काय न्यायचं ते गावाला विचारा

२०१९ मध्ये हमरस्त्यालगतच्या गावांत बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या रचून ठेवायला जागा नव्हती, आणि आत चार किलोमीटरवर काहीच पोचलं नव्हतं. जुन्या कपड्यांचे ढीग तर भिजून तिथंच कुजले. आम्हीही दोन पोती नेली होती. त्यात एक लग्नातला कोट होता. कुणी आणि का टाकला, देव जाणे.

आता आम्ही आधी फोन करतो. सरपंचाला एक, आशाताईला एक आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना एक. तिघांच्या याद्या जुळत नाहीत, आणि तेच हवं असतं. एका मुख्याध्यापकांनी मला सरळ सांगितलं, "दादा, पुस्तकं नका आणू. आठवीपर्यंत ती सरकारकडून येतात. वह्या आणा, दप्तरं आणा आणि जमलं तर सतरंज्या. पोरं ओल्या फरशीवर बसतायत." आम्ही पुस्तकांसाठीच पैसे जमवले होते. आशाताईंच्या यादीत खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, सॅनिटरी पॅड. सरपंचांच्या यादीत पेंड आणि वैरण. गोठ्यातली जनावरं उपाशी असली की माणसाला स्वतःचं जेवण गोड लागत नाही.

सामान सायकलवर बांधून नेऊ नका. फोटो छान येतो, पण कॅरिअरला बांधलेली पाच किलोची पिशवी एका बाजूला कलली की उतारावर हँडल हलायला लागतं. सामानाला टेंपो करा आणि तो राईडच्या आदल्या दिवशीच पाठवा.

फोटोबद्दल एकच प्रसंग. नदीकाठच्या एका गावात किट द्यायला उभे होतो. आमच्यातला एक जण मोबाईल सरसावून म्हणाला, "आजी, इकडं बघा जरा." आजींनी पिशवी खाली ठेवली, पदर नीट घेतला आणि मागं वळून दाराकडं बघितलं. चौकटीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. म्हणाल्या, "दार पुसायचं ऱ्हायलंय. असं नगं." मोबाईल खिशात गेला. शिवाय आम्ही निघताना "पावणं, च्या घेऊन जावा" म्हणून आग्रह. त्या दिवसापासून आम्ही घेणाऱ्याचा फोटो काढत नाही. सामानाचा काढतो, पावतीचा काढतो.

आता सायकल

सांगलीहून तासगाव, पलूस, भिलवडी, औदुंबर करून परत असा फेरा चांगलाच लांबचा होतो. चढ फारसा नाही, म्हणून लोक गाफील राहतात. आयुष्यात २० किलोमीटरच्या वर न गेलेला माणूस नाव नोंदवतो आणि आदल्या रात्री नवीन सीट बसवतो. नवीन काहीही त्या दिवशी नको. सीट नको, बूट नकोत. महिनाभर आधीपासून दर रविवारी दहा-दहा किलोमीटर वाढवत न्या.

सीट खाली ठेवून चालवणं ही आपली बालपणापासूनची सवय. टेकल्यावर दोन्ही पाय जमिनीला लागायला हवेत, अशी. चाळीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या वाटीपुढं दुखायला लागतं ते त्यामुळंच. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला असेल तर उलट सीट जास्त वर गेलीय. अर्धा इंच खाली घ्या.

वाऱ्याचा हिशोब कुणीच करत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. सांगलीहून कवठे महांकाळ, जतच्या अंगाला निघालात की तो पाठीवर असतो. माणसाला वाटतं, आज पाय काय चाललेत! परतीला तोच वारा छातीवर येतो आणि मग पिठलं होतं. जाताना निम्म्याहून कमी ताकद खर्च करा, किंवा फेरा असा आखा की वाऱ्याविरुद्धचा रस्ता सकाळच्या पहिल्या टप्प्यात संपेल.

पंक्चरचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात बाभळीचा काटा कुणाला सोडत नाही. आमच्या ग्रुपमधले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, चार किलोमीटरमध्ये तीनदा पंक्चर झाले. पहिल्यांदा नवीन ट्यूब टाकली, गेली. दुसरी उसनी घेतली, तीही गेली. प्रत्येक वेळी शिव्या ट्यूबच्या कंपनीला. तिसऱ्या वेळी टायर हातात घेतला आणि आतून चिंधी फिरवली तर एका जागी धागा अडकला. काट्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, बाहेरून मोडलेलं आणि आत तसंच बसलेलं. नखचिमट्यानं काढलं आणि पुढचे ५० किलोमीटर काकांना काही झालं नाही.

म्हणून ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूनं खूण करा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते बघा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा शोधा. ट्यूब कुठल्या बाजूनं निघाली ते लक्षात नसेल तर दोन्ही बाजू तपासा. बोट घालू नका, चिंधी फिरवा. दोन भोकं शेजारीशेजारी, सापाच्या दातांसारखी असतील तर काटा शोधत बसू नका. ती खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपल्याची खूण आहे आणि दोष कमी हवेचा आहे. टायरच्या कडेला किती हवा भरायची ते छापलेलं असतं. अंगठ्यानं दाबून बघणं हा काही मापाचा प्रकार नाही.

आणखी एक. महागड्या सायकलींना बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याला बसत नाही. तो बिचारा नळी लावून बघतो आणि मान हलवतो. एक छोटी पितळी टोपी मिळते अडॅप्टर म्हणून. ती किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

खाणं, पाणी, ट्रॅक्टर

भडंग आपल्या सगळ्यांचा जीव की प्राण, पण राईडच्या मधल्या थांब्यावर नको. कोरडं घशात अडकतं, मसाल्यानं ठसका लागतो आणि तहान दुप्पट होते. मिसळ तर राईड संपल्यावरच. बेदाण्याच्या तासगावच्या बाजूला राहून लोक परदेशी एनर्जी जेल खातात, याचं मला नवल वाटतं. मूठभर बेदाणे खिशात टाका, वर एक केळं. अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं. लोक ते ग्लासभर पाण्यात ढवळून पितात आणि मग मळमळतंय म्हणून बसतात. पाकिटावर वाचा. छोटं पाकीट २०० मिलीचंही मिळतं. पायात गोळा आला तर तसंच रेटू नका. उतरा, पोटरीचा असेल तर टाच जमिनीला टेकवून पंजा गुडघ्याकडं ओढा आणि तो सुटेपर्यंत धरून ठेवा.

दिवाळीनंतर राईड ठेवलीत तर उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, बाजूनं ऊस हातभर बाहेर आलेला. डावीकडून कधीही पुढं जायचं नाही. वाऱ्याचा आडोसा म्हणून त्याच्या मागंही चिकटायचं नाही. वरून मोळी सुटते. ट्रॉलीला हात धरून जाणारी पोरं तुम्हाला हसतील, हसू द्या. पहाटे निघणार असाल तर मागचा लाल दिवा हवाच, आणि हेल्मेटबद्दल मी वाद घालत नाही. हेल्मेट नसेल तर आम्ही बिब नंबर, म्हणजे अंगावर लावायचा राईडचा क्रमांक, देत नाही. ५०-६० जणांचा ताफा असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. बहुतेक वेळा ते चौकात एक माणूस उभा करतात.

घरी आल्यावर सायकल चिखलासकट लावून झोपू नका. काळी माती वाळली की चेनमध्ये सिमेंटसारखी बसते. धुवा, पुसा, मग तेलाचे थेंब.

आणि हिशोब आठ दिवसांत ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोसकट. जमा किती, खर्च किती, कुठं किती दिले. आमच्या मागच्या राईडचा हिशोब अजून वर पिन केलेला आहे. त्यात शेवटून दुसरी ओळ सतरंज्यांची आणि अगदी शेवटची अशी: भडंग, २ किलो, परतल्यानंतर खाल्ला, स्वखर्चाने.