घोडा परदेशी पाठवताना: रक्ततपासणी, विलगीकरण आणि तारखांचा हिशेब

घोड्यासाठी विमानात जागा पैसे मोजले की मिळते. जीव काढतात ते त्याच्या तब्येतीचे कागद. ते काम पुढच्या क्रमाने केलं, तर घोड्याचे हाल टळतात आणि मालकाचे पैसेही वाचतात.

१. आधी त्या देशाच्या अटी मिळवा

घोडा जिथे उतरणार त्या देशाच्या पशुवैद्यकीय खात्याकडून आयातीच्या अटी आणि आरोग्य प्रमाणपत्राचा नमुना मागवा. ऐकीव माहितीवर एक रुपयाही खर्च करू नका. ऑस्ट्रेलियाला निघण्याआधी १४ दिवस आणि पोहोचल्यावर १४ दिवस विलगीकरण हवं असतं. अमेरिका घोडा उतरल्यावर पुन्हा रक्त घेते आणि ग्लँडर्स, डोरीन, इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया आणि पायरोप्लाझ्मोसिस हे चार रोग तपासते. आइसलँडमधून बाहेर गेलेला घोडा तर पुन्हा कधीच मायदेशी परतू शकत नाही.

हे अति वाटत असेल, तर ऑस्ट्रेलियातलं २००७ साल पाहा. आयात केलेल्या घोड्यांबरोबर फ्लूचा विषाणू आला आणि विलगीकरण केंद्रातूनच बाहेर निसटला. हजारो तबेल्यांत आजार पसरला, शर्यती बंद पडल्या.

भारतातून जाणाऱ्या घोड्यांची वाट अजूनही अवघड आहे. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या आपल्या स्वारांचे घोडे युरोपात ठेवलेले होते. २०२५मध्ये मेरठच्या लष्करी रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या तबेल्याला ती आपोआप लागू होत नाही. शिवाय मारवाडी किंवा काठियावाडी घोडा असेल तर निर्यातीचा वेगळा परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत बाकी खर्च थांबवा.

२. ओळख पक्की करा

मानेच्या डाव्या बाजूला १५ अंकी मायक्रोचिप बसवून घ्या. घोड्याच्या पासपोर्टमध्ये, म्हणजे ओळख आणि लसींच्या पुस्तिकेत, पशुवैद्यक त्याचं रेखाचित्र काढतो, त्यात पांढरे पट्टे, डाग आणि भोवरे यायलाच हवेत. सारंगखेड्याच्या बाजारात भोवरे शुभ-अशुभासाठी पाहिले जातात, इथे ते ओळखीसाठी. रक्ताच्या प्रत्येक अहवालावर हाच चिप क्रमांक आहे ना, स्वतः वाचून बघा. एक अंक चुकला तरी अहवाल निरुपयोगी ठरू शकतो.

३. रक्ततपासणी आधीच करून घ्या

पायरोप्लाझ्मोसिस गोचिडांमुळे होतो. घोडा वरून धडधाकट दिसतो, पण रक्तात प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीराने बनवलेली द्रव्यं, अँटीबॉडी) सापडतात आणि प्रवेश नाकारला जातो. म्हणून विमान ठरवण्यापूर्वीच चाचणी करा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात घोड्यांच्या रोगांच्या चाचण्या होतात.

ग्लँडर्सबाबत मात्र पूर्ण जाणीव ठेवा. हा रोग माणसालाही होतो, आणि प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९च्या कायद्याखाली बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. ही भीती वाटून तपासणी टाळणारे मालक बरोबरच्या घोड्यांना आणि मोतद्दारालाही धोक्यात घालतात. माझ्या मते तपासणीला पर्याय नाही.

४. लसींचा क्रम चुकवू नका

फ्लूच्या लसीची प्रत्येक मात्रा तारीख, बॅच क्रमांक आणि सहीसह पासपोर्टवर हवी. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धेला जाणार असाल, तर बूस्टर ६ महिने आणि २१ दिवसांच्या आतला हवा, पण स्पर्धास्थळी पोहोचण्याआधीच्या ७ दिवसांतला नको. वळू घोड्याला व्हायरल आर्टेरायटिस या रक्तवाहिन्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस देणार असाल, तर आधी रक्त तपासून घ्या. लसीनंतर येणारी प्रतिपिंडं आणि रोगामुळे आलेली प्रतिपिंडं यांत फरक करता येत नाही, आणि चांगला घोडा विनाकारण संशयित ठरतो.

५. उड्डाणाच्या दिवसापासून मागे मोजा

विलगीकरण कधी सुरू, रक्त कधी, अहवाल कधी, अंतिम तपासणी कधी, हे सगळं एका कागदावर मांडा. विलगीकरणात बाहेरचे घोडे, भांडी, खरारे नकोत. चिलटांसाठी बारीक जाळी हवी. शेवटचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशु संगरोध व प्रमाणन सेवेकडून मिळतं. मुंबईत त्यांचं केंद्र आहे. विमान मध्ये दुसऱ्या देशात थांबणार असेल, तर त्या देशाच्या अटीही तपासा. हे बहुतेकजण विसरतात.

६. प्रवासात डोकं खाली करू द्या

डोकं तासन्‌तास वर बांधलेलं राहिलं, की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होतो. या आजाराने घोडे दगावतात. म्हणून थांब्यावर दोर सैल करा, वैरण भिजवून द्या, पाणी वारंवार दाखवा. पोहोचल्यावर काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, खाणं सुटलं किंवा खोकला सुरू झाला, तर त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवा, आणि तो सांगेपर्यंत घोड्यावर खोगीर चढवू नका.